ओला कचरा गावाबाहेर जाऊ नये

प्रति,
माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय : बेळगाव शहर व भोवतालच्या वाढत्या गावांतील घनकचरा

महोदय,

बेळगाव शहराभोवतालच्या गावांत रस्त्याकडेला, नाल्याच्या पुलाखाली आणि खुल्या प्लॉटमध्ये साचलेल्या कचऱ्याची छायाचित्रे आपल्या दैनिकात वरचेवर प्रसिद्ध होतात. छायाचित्र छापून आले की दोन दिवसांत जेसीबी येतो, ढीग उचलला जातो आणि पंधरवड्यात त्याच जागी तेवढाच ढीग पुन्हा उभा राहतो. मी वेंगुर्ला रस्त्यावरील एका गावचा शेतकरी असून तेथील कृषी पत्तीन (पतपुरवठा) सोसायटीत सचिव म्हणून मी बरीच वर्षे हिशेब लिहिले आहेत. गावाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण हिंडलग्यापासून मच्छेपर्यंत आणि कंग्राळीपासून येळ्ळूरपर्यंत कोणत्याही गावच्या वाचकाला हे आपलेच वर्णन वाटेल. मला या पत्रात एकच गोष्ट मांडायची आहे. कचरा टाकण्यासाठी आणखी लांबची जागा शोधण्याआधी, ओला कचरा ज्या प्रभागात किंवा ज्या वसाहतीत तयार होतो तेथून तो बाहेरच जाणार नाही, अशी व्यवस्था करावी.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या गावात कचरा हा चर्चेचा विषय नव्हता. प्रत्येक घरामागे गायरी (खताचा खड्डा) होती. शेण, राख, भाजीचे देठ, खरकटे, पाचोळा असे सगळे तीत जाई आणि उन्हाळ्यात बैलगाडीने शेतात पडे. पुढे शेते विकली गेली (त्यात माझीही दीड एकर गेली, तेव्हा इतरांना नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही), लेआउट पडले आणि ३० बाय ४० च्या प्लॉटवर दुमजली घरे उठली. या घरांना परसू नाही, गोठा नाही, गायरी ठेवायला हातभर जागा नाही. घरातला माणूस नोकरीला उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत जातो, मुले शहरातल्या शाळेत जातात, बाजार खडेबाजार आणि गणपत गल्लीत होतो. राहणी सगळी शहराची झाली, हद्द मात्र ग्रामपंचायतीची राहिली.

मनपाची कचरागाडी हद्द संपते तेथून मागे वळते. ग्रामपंचायतीची ‘स्वच्छ वाहिनी’ येते. ती महिला स्वसहाय्य संघातील भगिनी चालवतात आणि आपले काम त्या मनापासून करतात, हे येथे नमूद केले पाहिजे. पण ही योजना मुळात खेड्यासाठी आखलेली आहे. ओला कचरा ज्याच्या त्याच्या परसात जिरेल असे गृहीत धरून गाडीने मुख्यतः सुका कचरा गोळा करायचा, ‘स्वच्छ संकीर्ण’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शेडमध्ये तो निवडायचा आणि विकता येईल तो विकायचा, अशी तिची बांधणी आहे. खेड्यात ती शोभते. परसूच नसलेल्या लेआउटमध्ये मात्र ओल्या कचऱ्याचा वाली कोणीच उरत नाही. मग सकाळी कामावर निघालेल्या माणसाच्या दुचाकीच्या हँडलला एक पिशवी लटकलेली दिसते आणि नाल्यावरचा पूल ओलांडल्यानंतर ती दिसत नाही. हे करणारे लोक अडाणी नाहीत. त्यांच्यापैकी पुष्कळांना मी ओळखतो. घरात ते ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवतात आणि नंतर दोन्ही पिशव्या एकाच पुलावरून टाकतात.

शहराच्या हद्दीत याहून बरे आहे, पण एका बाबतीत फारसे वेगळे नाही. शहरात राहणाऱ्या माझ्या मुलीच्या घरी हिरवी आणि निळी अशा दोन बादल्या आहेत. त्या नेमाने वेगळ्या भरल्या जातात आणि दारात आलेल्या गाडीत एकाच कप्प्यात रिकाम्या होतात. नातीने एकदा विचारले की मग आपण दोन बादल्या कशाला ठेवतो, तेव्हा घरातल्या कोणालाच उत्तर देता आले नाही. घरात झालेले वर्गीकरण गाडीत मोडत असेल, तर चार महिन्यांनी घरातही ते होणार नाही आणि त्याबद्दल नागरिकांना दोष देता येणार नाही.

हिशेबाची सवय असल्याने मी एक महिनाभर आमच्या घरचा कचरा मापला. आम्ही सहा माणसे. रोजचा ओला कचरा सरासरी दीड किलोच्या आसपास भरला. सुका त्याच्या निम्म्याहून कमी, पण पसारा मात्र चौपट. आपल्याकडच्या घरगुती कचऱ्यात वजनाने निम्म्याहून अधिक भाग ओला असतो असे सर्वत्र सांगितले जाते, ते आमच्या वजनकाट्यावरही खरे ठरले. आता भाजीच्या देठात आणि फळांच्या सालीत ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी असते. म्हणजे हजार घरांचा दीड टन ओला कचरा शहराबाहेर नेणारी गाडी प्रत्यक्षात हजार लिटरहून अधिक पाणी वाहून नेत असते आणि त्या पाण्यासाठी डिझेल, चालकाचा पगार व टायरची झीज असा सगळा खर्च आपण घरपट्टीसोबत भरलेल्या घनकचरा उपकरातून होत असतो. आमच्या सोसायटीत एखाद्याने पाणी ट्रकने डोंगरावर न्यायचा ठराव मांडला असता, तर सभा हसून मोकळी झाली असती.

हे पाणी पुढे काय करते ते तुरमुरीकरांना विचारावे. शहराचा कचरा आमच्याच रस्त्याने तुरमुरीच्या डेपोवर जातो. दुर्गंधी आणि डेपोकडून शेतात उतरणारे काळे पाणी यांविषयी तेथील ग्रामस्थ वर्षानुवर्षे तक्रार करीत आले आहेत. ओला कचरा प्लास्टिकखाली, हवा न लागता दाबून पडला की तो कुजत नाही, सडतो. त्यातून मिथेन निघतो, वरचेवर आगी लागतात आणि खाली झिरपणाऱ्या पाण्यात आम्ल, क्षार व बॅटरीसारख्या वस्तूंतले जड धातू मिसळतात. आपल्याकडचा पाऊस थोडाथोडका नाही. चार महिने तो या ढिगावर पडतो आणि गाळून खाली उतरतो. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी भूभरावाची (कचरा पुरण्याची) जागा नदीपासून १०० मीटर आणि तळी, वस्ती, महामार्ग व पिण्याच्या पाण्याच्या विहिरींपासून २०० मीटर दूर असावी, असे सांगितले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कुजणारा किंवा पुन्हा वापरता येणारा कोणताही कचरा तेथे पुरूच नये, असेही सांगितले. या दुसऱ्या भागाकडे कोणाचे लक्ष जात नाही. जागा कोठे असावी यावर सभा होतात, तेथे काय जाऊ नये यावर होत नाहीत.

ओला कचरा वेगळा का हवा, याचे माझे स्वतःचे कारण मात्र नियमांतले नाही. गोठे ओस पडल्यापासून शेणखत मिळत नाही आणि मिळाले तर परवडत नाही. म्हणून काही वर्षांपूर्वी एका पुरवठादाराकडून मी शहरी कचऱ्याचे कंपोस्ट म्हणून दोन ट्रॉली खत स्वस्तात घेतले. दिसायला ते काळेभोर आणि भुसभुशीत होते. आषाढात रोप लावणीच्या वेळी चिखलात उतरलेल्या एका बाईच्या टाचेत बल्बची काच गेली. सहा टाके पडले, तिची पूर्ण लावणी बुडाली, आणि मजुरी मी दिली असली तरी पुढच्या वर्षी ती आमच्या शेतात आली नाही. लावणी अनवाणी होते, हे शहरातल्या माणसाच्या लक्षात येत नाही. त्या शेतात मला आजही काचेचे तुकडे आणि शाम्पूच्या पुड्या सापडतात. मिसळलेल्या कचऱ्यातून यंत्राने कितीही चाळले तरी असेच खत निघते. शेतकरी ते एकदा घेतो, दुसऱ्यांदा घेत नाही, आणि मग खत प्रकल्पाच्या आवारात न विकलेल्या खताचाच नवा डोंगर उभा राहतो. उलट स्वयंपाकघरातून वेगळा आलेला ओला कचरा असेल तर असे खत आमच्या भागात कोणीही हसत नेईल. वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या शिवारातला बासमती घेणारे शेतकरी सेंद्रिय खताच्या शोधातच असतात.

त्याची रीतही अवघड नाही. ओल्या कचऱ्यात नायट्रोजन जास्त, म्हणून त्यात पाचोळा, भाताचे पिंजर, लाकडाचा भुसा असे कोरडे द्रव्य मिसळावे लागते. एक भाग नायट्रोजनला २५ ते ३० भाग कार्बन हे प्रमाण जमले आणि ओल पिळलेल्या फडक्याएवढी राहिली की ढीग दोन-तीन दिवसांत आपोआप तापतो. आतले तापमान ५५ ते ६० अंशांपर्यंत जाते, त्यात रोगजंतू आणि तणाचे बी मरते. आठवड्यातून एकदा ढीग उलटा करून हवा खेळवली तर दीड-दोन महिन्यांत खत तयार होते. वास येतो तो हवा न मिळाल्याने किंवा पाणी जास्त झाल्याने. दोन पाट्या पिंजर टाकून ढीग हलवला की तो थांबतो. आपल्या हवामानात एक गोष्ट मात्र सोडून चालणार नाही, ती म्हणजे छप्पर. उघड्यावर केलेला खतखड्डा जूनमध्ये डबके होतो, आणि ‘आम्ही करून पाहिले, जमले नाही’ असे सांगणाऱ्यांपैकी अर्ध्या लोकांनी पत्रे घातले नव्हते, असा माझा अनुभव आहे.

योगायोग असा की आमच्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला याचे उत्तर आहे. हा रस्ता तुरमुरी, बाची, शिनोळी करीत आंबोली घाट उतरतो, सावंतवाडीवरून पुढे जातो आणि वेंगुर्ल्यात संपतो. वेंगुर्ला नगरपरिषदेने तत्कालीन मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात कचरा दारातच वेगळा घेण्याचा नियम कसोशीने पाळला, सुका कचरा वीसहून अधिक प्रकारांत निवडला, ओल्या कचऱ्यापासून खत आणि बायोगॅस केला, आणि पूर्वीच्या डंपिंग ग्राउंडचे लोक पाहायला येतील असे ठिकाण केले. आंबोलीच्या पायथ्याशी आणि समुद्रकाठी पाऊस आपल्यापेक्षा कमी पडतो, असे कोणी म्हणणार नाही. एकाच रस्त्याच्या एका बाजूचे गाव लोक नाक दाबून पार करतात आणि दुसऱ्या टोकाला कचऱ्याची जागा बघायला सहली जातात.

यावर नेहमीचे उत्तर येते की वेंगुर्ले लहान आहे, बेळगाव मोठे. उत्तर खरे आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. वेंगुर्ल्याची वस्ती बारा हजारांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत बेळगाव शहराची लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी आत होती आणि मनपाचे प्रभाग ५८ आहेत; म्हणजे एका प्रभागात सरासरी साडेआठ हजार माणसे येतात. वेंगुर्ल्याने जे केले ते साधारण दीड प्रभागाएवढे काम आहे. पाच लाख लोकांचा मिसळलेला कचरा एका जागी नेऊन सोडवणे हे जगात कोठेही अवघड ठरले आहे. पण दीड-दोन प्रभागांना मिळून एक छप्पर असलेली जागा, चार-सहा प्रशिक्षित माणसे आणि एक पाला कापायचे यंत्र हे काम पेलण्यासारखे आहे. बेळगावची निवड स्मार्ट सिटीसाठी पहिल्याच यादीत, २०१६ मध्ये झाली. रस्ते झाले, दिवे झाले. त्या मानाने पत्र्याच्या तीस शेडचा खर्च किती, हे अभियंत्यांनी सांगावे.

जागेचा प्रश्न खरा आहे, हे मी नाकारत नाही. २०० हून अधिक घरांच्या किंवा ५००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलाच्या आराखड्यात कचरा वेगळा करण्यास, साठवण्यास व तेथेच प्रक्रिया करण्यास स्वतंत्र जागा दाखवावी, असे २०१६ च्या नियमांत होते. ५००० चौरस मीटर म्हणजे जवळपास पन्नास गुंठे. आमच्याकडे त्याहून मोठे लेआउट सर्रास पडतात, पण इमारतींना लागणारी ही दृष्टी सुट्या प्लॉटच्या लेआउटला कोणी लावत नाही. बुडाने (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाने) आणि पंचायतींनी मंजुरी देताना उद्यान व मंदिराच्या जागेबरोबर दोन गुंठे खताच्या शेडसाठी राखायला लावले, तर पुढच्या दहा वर्षांत होणारी भांडणे टळतील. जे लेआउट झाले ते झाले. तेथे नागरी सुविधांसाठी सोडलेल्या आणि आज गाजरगवत माजलेल्या जागा आहेत.

सुक्या कचऱ्याचे थोडक्यात लिहितो, कारण तो निम्मा प्रश्न भंगारवाल्यांनी आधीच सोडवलेला आहे. कागद, पुठ्ठा, लोखंड, बाटल्या यांना भाव आहे आणि ते कोठे जातात हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळते. पुण्यात कचरावेचक महिलांच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने दारोदारचे संकलन हाती घेऊन हेच दाखवून दिले. भाव नसलेली चॉकलेटची वेष्टने व बहुपदरी प्लास्टिक सिमेंटच्या भट्टीत जाळता येते, आणि सिमेंटचा कारखाना आपल्या जिल्ह्यातच यादवाडला आहे. मात्र हे प्लास्टिक खरकट्याने भिजलेले नसेल तरच ते भट्टीच्या कामाचे. येथेही गाठ पुन्हा ओल्या कचऱ्याशीच येते.

मंगल कार्यालये, हॉटेले आणि भाजी मार्केट यांना मात्र घरगुती न्याय लावू नये. दिवसाला सरासरी १०० किलोहून अधिक कचरा करणाऱ्याने ओल्या भागाची प्रक्रिया शक्यतो आपल्या आवारातच करावी, असे २०१६ च्या नियमांनी सांगितले. १०० हून अधिक माणसांचा कार्यक्रम परवाना नसलेल्या जागी करायचा झाल्यास कामकाजाचे तीन दिवस आधी कळवावे, असेही त्यांत होते. लग्नसराईत आमच्या रस्त्याकडेला पहाटे रिकामी होणारी ट्रॉली कोणत्या कार्यालयाची असते, हे पत्रावळींबरोबर आलेल्या लग्नपत्रिकांवरून शाळकरी पोरालाही वाचता येते. एवढा पुरावा पोलिसांना चोरीच्या तपासात सहसा मिळत नाही.

जाळण्याविषयीही हेच. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये ५००० रुपये, आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५००० रुपये भरपाई ठरवून दिली. आमच्या वसाहतीत दर रविवारी सकाळी तीन ठिकाणी धूर निघतो, आणि त्यांपैकी एक ठिकाण सरकारी आवार आहे.

सूचना कोणत्या भाषेत द्याव्यात, याबद्दल एक विनंती. गाडीवरचा ध्वनिक्षेपक कानडीत बोलतो. ‘हसी कस’ (ओला कचरा) आणि ‘ओण कस’ (सुका कचरा) हे आमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही सवयीने कळते, त्यात अडचण नाही. अडते ते घरगुती घातक कचऱ्यापाशी. उतरलेल्या बॅटऱ्या, मुदत संपलेली औषधे, बल्ब, इंजेक्शनच्या सुया, कीटकनाशकांचे डबे हे वेगळे ठेवायचे असते, आणि सॅनिटरी पॅड व डायपर कागदात गुंडाळून द्यायचे असतात, कारण ते उचलणारा हात माणसाचा असतो. हे आमच्या गल्लीत कोणत्याच भाषेत कोणाला समजलेले दिसत नाही. कानडीच्या जोडीने मराठीतही पत्रके वाटली, तर त्यात वादाचे काही नाही. पौरकार्मिकाच्या (सफाई कामगाराच्या) बोटात सुई जाऊ नये एवढाच त्याचा उद्देश आहे. (गुंडाळण्याच्या कामी आपल्या दैनिकाचा वाचून झालेला अंक येतो, याचा राग मानू नये.)

हद्दीचा प्रश्न शेवटी सुटायचा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांनी मनपा, छावणी मंडळ, तालुका पंचायत आणि भोवतालच्या ग्रामपंचायतींना एका टेबलाशी बसवावे लागेल. ५० किलोमीटरच्या आतील गावे व शहरे मिळून एक सामायिक भूभराव करू शकतात, असे २०१६ च्या नियमांत होते. पण कोणतेही गाव आपल्या शिवारात मिसळलेला कचरा येऊ देणार नाही, आणि त्याने येऊ देऊही नये. ओले आपापल्या जागी जिरले आणि वर फक्त विटा-माती, फुटकी कौले, निरुपयोगी चुरा एवढेच उरले, तरच अशा जागेची गोष्ट एखाद्या ग्रामसभेत काढता येईल. हे खानापूरलाही लागू आहे. कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा खानापूरला वळसा घालून सौंदत्तीच्या रेणुकासागर जलाशयात जाते आणि तेथून हुबळी-धारवाडच्या नळाला येते. तिच्या काठी पडलेली पिशवी कोणत्या पंचायतीची, हे पुढे कोणी विचारत नाही. बेळगावच्या बळ्ळारी नाल्याचे पाणी दर पावसाळ्यात भाताच्या पिकावर चढते, त्याला गाळ आणि जलपर्णीइतकेच शहरातून वाहत आलेले प्लास्टिकही कारण आहे, हे तेथील शेतकरी बांधावर उभे राहून दाखवतात.

आमच्या वसाहतीला लागून माझे चार गुंठ्यांचे एक टोक आहे. रस्त्यामुळे ते शेतापासून तुटले असून तेथे पीक घेता येत नाही. ते तीन वर्षांसाठी, भाडे न घेता, ओल्या कचऱ्याच्या खतशेडला देण्यास मी तयार आहे असा अर्ज मी गेल्या वर्षी पंचायतीत दिला. त्यात दोनच अटी घातल्या की काच आणि प्लास्टिक मिसळलेला कचरा तेथे उतरवायचा नाही, आणि तयार खताचा पहिला हिस्सा वसाहतीच्या झाडांना द्यायचा. पोच माझ्याजवळ आहे, उत्तर आलेले नाही. पंचायतीला अडचण असल्यास वसाहतीतील रहिवाशांनी किंवा एखाद्या महिला संघाने पुढे यावे. पत्रे आणि खांब मी घालून देईन. पहिल्या ढिगासाठी लागणारे पिंजर यंदाच्या सुगीचे शिल्लक आहे, ते पावसाआधी उचलावे लागेल.

कळावे,
आपला विश्वासू,
एक शेतकरी वाचक,
वेंगुर्ला रोड, ता. जि. बेळगाव